चार्जिंग गन अडकते तेव्हा: आठ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

इलेक्ट्रिक गाडी फास्ट चार्ज करायला जी सीसीएस-२ गन (केबलच्या टोकाचा जाडजूड प्लग) लावतो, तिला स्वतःचा खटका नसतो. तिला धरून ठेवणारी पिन गाडीच्या पोर्टमध्ये, म्हणजे गन बसते त्या सॉकेटमध्ये, असते. एक छोटी मोटर ती पिन सरकवते आणि पिन गनच्या खाचेत बसते. त्यामुळे गन निघेना की चार्जरला शिव्या घालण्यात अर्थ नाही; ती सोडायची की नाही हे गाडी ठरवते. आठ महिन्यांच्या वापराचा हिशोब सांगायचा तर मोटर आणि पिन बहुतेक वेळा ठणठणीत होती. नडली ती केबल.

डीसीची, म्हणजे फास्ट चार्जरची, केबल जाड आणि गन जड. केबल लोंबकळत राहिली की गनची मूठ खाली झुकते आणि खाचेची कड पिनवर दाबून बसते. तो दाब झुगारून पिन मागे घेणं एवढ्याशा मोटरला झेपत नाही. त्यात आपण गन ओढायला लागलो की पिन आणखी आवळते.

म्हणून उलटं करायचं. एका हाताने मूठ खालून उचलून गन सरळ करा, दुसऱ्या हाताने ती किंचित आत ढकला आणि तशीच धरून ठेवा. सोबत कुणी असेल तर त्याला रिमोटचं अनलॉक दाबायला सांगा. पोर्टमधून ‘टक्’ ऐकू आलं की सरळ रेषेत बाहेर ओढा; डावी-उजवीकडे हलवू नका. गाडी आधीच अनलॉक असेल तर एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करा. काही गाड्यांत गनसाठी वेगळं बटण असतं, दार उघडलं म्हणजे गन सुटली असं नाही.

त्याआधी चार्जिंग खरंच थांबलंय का ते बघा. करंट चालू असताना लॉक उघडत नाही, आणि उघडूही नये. शेकडो व्होल्टच्या डीसीवर गन निघाली तर ठिणगी नव्हे, आर्क पडतो, म्हणजे हवेतून पेटत राहणारी विजेची ज्योत. ॲप ‘पूर्ण’ म्हणतंय पण गाडीचा डिस्प्ले चार्जिंग दाखवतोय, असं असेल तर गाडीतून थांबवा. चार्जरवरचं लाल बटण अगदी शेवटी. ते दाबलं की रीसेट होईपर्यंत चार्जर बंद, आणि रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवर मागे उभे असलेले लोक तुम्हाला विसरणार नाहीत.

लॉकची मोटर गाडीतल्या वेगळ्या, छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ती बसली असेल तर रिमोट कितीही दाबा, आधी जंप स्टार्ट.

यातलं काहीच चाललं नाही तर हाताने सोडवायची दोरी. ज्या गाड्यांत ती असते तिथे साधारणपणे पोर्ट पुढे असेल तर बॉनेटखाली, मागे असेल तर डिकीच्या अस्तराआड सापडते. मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो आजच मोबाइलमध्ये ठेवा. चार्जिंग बंद करून, गन आत दाबून मगच ओढा, हिसका नको.

पावसाळ्यात पोर्टमध्ये लॉकच्या पिनजवळ चिखल वाळून बसतो. गन बाहेर असताना आणि पोर्ट कोरडा असताना मऊ, सुक्या ब्रशने पिनभोवतीची माती झाडा. टाचणी, स्क्रू ड्रायव्हर काही आत घालू नका. तेलकट स्प्रेही नको, त्यावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

घरच्या १५ अँपिअर सॉकेटवरचा चार्जर इतका त्रास देत नाही, गन हलकी असते. तरी अडकलीच तर भिंतीवरचा स्विच बंद करून वरचीच पद्धत.

गन नीट उचलून धरली, १२ व्होल्ट ठीक आहे, आणि तरीही करकर येते पण पिन हलत नाही, तर पिन वाकली आहे किंवा आतला गिअर गेला आहे. ते सर्व्हिस सेंटरचं काम. तोवर हायवेवरच्या डीसीला गाडी लावू नका.