हाताचा नोझल टेस्टर: चार स्टार, पाचवा गेजने घालवला

माझी गाडी टाटा १६१३, २००४ची, ६९७चं टर्बो इंजिन. दिवाळीनंतर तिनं ओढायचं सोडलं. पुण्याहून भरून येताना खंबाटकीला जिथं तिसऱ्यावर आरामात चढायची, तिथं दुसरा टाकावा लागायला लागला. वर काळा धूर असा, की मागचे कारवाले हॉर्न मारून बेजार. डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्यानं पाना हातात न घेताच सांगितलं, "पंप गेलाय मालक, उतरवा. अठ्ठावीस हजार." मी गाडी घरी आणली.

आधी स्वस्तातली कामं उरकली. एअर फिल्टर बदलला, फीड पंपाची जाळी काढली (काळी साय जमली होती, दुधावर जमते तशी), दोन्ही डिझेल फिल्टर नवे घातले, हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) मारून एअर काढली. थोडी हलकी झाली, पण धूर तसाच. मग वडिलांनी शिकवलेली रीत. गाडी आयडलवर ठेवायची आणि इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल उडवतो तो) नळ्यांचे नट एकेक करून जरासे सैल करायचे. सिलिंडर काम करत असेल तर इंजिन लगेच लंगडतं. माझ्या तीन आणि पाच नंबरला काडीचा फरक पडला नाही. तीनचा इंजेक्टर दोनला घातला, तर रोगही दोनला गेला. म्हणजे पंप बिचारा निर्दोष.

तेव्हा हा टेस्टर मागवला, ३,४०० रुपयांना. काढलेला इंजेक्टर याला जोडायचा आणि त्याच्या नोझलचा, म्हणजे टोकाच्या भोकांचा, फवारा नि उघडायचं प्रेशर बघायचं. वर डिझेलची छोटी टाकी, बाजूला लांब दांडा, प्रेशर दाखवणारं ४०० बारचं गेज. एम १२ आणि एम १४ अशा दोन आट्यांच्या नळ्या येतात, मला एम १४ लागली.

चांगलं नोझल दांडा दाबला की कर्रर्र वाजतं आणि धुक्यासारखं डिझेल उडवतं. माझं तीन नंबर कण्हतसुद्धा नव्हतं. एकाच भोकातून धार, लहान पोर मुततंय तशी, बाकीची भोकं कार्बननं बुजलेली. पाच नंबर मॅन्युअलच्या आकड्याच्या ४० बार आधीच उघडत होतं आणि दांडा धरून ठेवला की टोकाला थेंब लोंबायचा. तो थेंब म्हणजेच तो काळा धूर.

सहाही नोझलं नवी आणली. स्प्रिंगची शिम (पातळ चकती) जाड केली की प्रेशर वाढतं, बारीक केली की उतरतं. एका इंजेक्टरला मी चार वेळा उघडबंद केलं, पण शेवटी सहाहींच्या प्रेशरमधला फरक ५ बारच्या आत आणला. बसवताना तांब्याचे वॉशर नवे घ्या आणि जुना हेडात चिकटून राहिलाय का ते बॅटरी मारून बघा. जुन्यावर नवा बसला की नोझल उंच राहतं आणि सगळी मेहनत पाण्यात. जाता जाता टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) लावून घेतले.

आता तक्रारी. गेजचा काटा शून्यावर येत नाही, १०वर अडकतो. प्रत्येक वेळी मनात वजा करायचं. नळीच्या जोडाला पहिल्याच दिवशी गळती लागली, सोबतचा वॉशर फेकून तांब्याचा घातला तेव्हा थांबली. बूड हलकं आहे, फळीला बोल्ट मारल्याशिवाय दांडा दाबताच येत नाही. माहितीपत्रक नावाचा जो कागद येतो त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्यच नाही: फवाऱ्यासमोर बोट धरू नका. ते डिझेल कातडीतून आत घुसतं. वर साधं टोचल्यासारखं दिसतं, पण आत सडतं आणि ऑपरेशनवर जातं. मी समोर काचेची बरणी धरतो आणि पोरांना अंगणातून हाकलतो.

परवा सिमेंट भरून खंबाटकी चढलो. माथ्यापर्यंत तिसराच, आरशात धूर नाही.

आता गल्लीतले ट्रॅक्टरवाले नोझलं पिशवीत घालून दारात येतात. चहा हिलाच करावा लागतो, त्यामुळे घरातून या टेस्टरला दोनच स्टार आहेत.