शेवी ३५० साठी मॅनिफोल्ड: ड्युअल-प्लेन की सिंगल-प्लेन?

शेवरोलेचं ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं स्मॉल-ब्लॉक आणि त्यावर चार-बॅरल कार्बुरेटर. या जोडीसाठी मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बुरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा भाग, शोधायला निघालं की एडेलब्रॉक कंपनीची तीन नावं हमखास समोर येतात: परफॉर्मर, परफॉर्मर आरपीएम आणि व्हिक्टर ज्युनियर. पहिले दोन ड्युअल-प्लेन, तिसरा सिंगल-प्लेन. कंपनीने दिलेला पल्ला अनुक्रमे आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) ते ५५००, १५०० ते ६५०० आणि ३५०० ते ८००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे. लोक भुलतात ते पल्ल्याच्या वरच्या आकड्याला. निर्णय मात्र खालच्या आकड्यावर घ्यावा.

साधा हिशोब करून बघा. तीन गिअरची ऑटोमॅटिक, २६ इंची टायर आणि ३.०८ गिअर-प्रमाणाचा मागचा एक्सल असेल तर ताशी ६० मैलांना इंजिन जेमतेम २४०० वर फिरतं. एक्सल ३.७३ चा केला तरी २९००. म्हणजे हायवेवरसुद्धा व्हिक्टर ज्युनियरचा पल्ला सुरूच झालेला नसतो.

असं का होतं? ड्युअल-प्लेनमध्ये कार्बुरेटरखालची जागा दोन मजल्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक मजला चार सिलिंडरना पुरवठा करतो. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. एकाआड एक सिलिंडर वेगवेगळ्या मजल्यावरून ओढतो, त्यामुळे एका मजल्याला क्रँकच्या दर १८० अंशांनी ओढ बसते. लहान जागा, स्पष्ट झटका: कमी आरपीएमलाही कार्बुरेटरच्या बूस्टरमधून (हवेच्या ओढीने पेट्रोल सोडणारा भाग) पेट्रोल नीट उचललं जातं. सिंगल-प्लेनमध्ये आठही सिलिंडर एकाच मोकळ्या जागेतून ओढतात. रनर, म्हणजे सिलिंडरकडे जाणारे मार्ग, आखूड आणि सरळ, त्यामुळे ६००० च्या पुढे तो मोकळा श्वास घेतो. खाली मात्र हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे थेंब भिंतींवर बसतात आणि पेडल दाबताच गाडी अडखळते.

मूळ हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि सौम्य कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल, बॉनेटखाली जागा कमी असेल, तर साधा परफॉर्मर पुरे. हेड आणि कॅम बदललेले असतील तर परफॉर्मर आरपीएम घ्या. कमी वेगावरची ताकद थोडीशीच जाते आणि ४००० च्या पुढे फरक जाणवतो. व्हिक्टर ज्युनियरला ०.०५० इंच लिफ्टवर साधारण २४० अंशांचा कॅम, १० च्या वरचं कॉम्प्रेशन, ३.७३ ते ४.१० चा एक्सल आणि ३००० आरपीएमच्या आसपास पकड घेणारा स्टॉल कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर) हवा. यातलं एक जरी नसलं तरी परफॉर्मर आरपीएमच बरा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी आमचं मत तिथेच पडतं. त्याच्या एअर-गॅप प्रकारात रनर खालच्या गरम तेलापासून वेगळे ठेवलेले असतात. ॲरिझोनात हे वरदान. मिशिगनच्या जानेवारीत मात्र गाडी गरम होईपर्यंत कुरकुरते.

ऑर्डर देण्याआधी हेड ओळखा, कारण चूक इथेच होते. जुन्या हेडना १२ बोल्ट. १९८७ ते ९५ च्या लोखंडी हेडना मधल्या चार बोल्टचा कोन वेगळा. १९९६ पासूनच्या व्होर्टेक हेडना आठच बोल्ट आणि पोर्ट उंच. तिघांसाठी मॅनिफोल्ड वेगळे. उंचीसाठी जुन्या एअर क्लीनरवर मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळूच बंद करा, किती दबतो ते मोजा आणि नव्या मॅनिफोल्डची जास्तीची उंची त्यातून वजा करा.

बसवण्याचं काम तिन्हींना सारखंच. कूलंट काढा, डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी रोटरची दिशा खूण करून ठेवा, व्हॅलीत, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत, चिंध्या कोंबा आणि मगच जुनं गॅस्केट खरवडा. मॅनिफोल्ड आधी कोरडाच ठेवून बोल्टची भोकं जुळतात का ते पाहा; हेड घासून घेतलेली असतील तर जुळत नाहीत. पुढच्या-मागच्या कडांवरच्या कॉर्क-रबरच्या पट्ट्या फेकून द्या, त्या घसरतात. तिथे आरटीव्ही सिलिकॉनची पाव इंच जाड सलग रेघ ओढा आणि ती कोपऱ्यात गॅस्केटवर थोडी चढू द्या. बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा, नाहीतर तेल वर झिरपतं. बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून आवळा: १०, २० आणि शेवटी २५ फूट-पाउंड. व्होर्टेकला मात्र फक्त ११. तिथे २५ चा हट्ट महागात पडतो.

इंजिन सुरू झाल्यावर आयडल वरखाली होत असेल तर बाहेरची गळती शोधणं सोपं. पोर्टच्या खालच्या कडेची गळती फसवी असते: व्हॅलीतलं तेल ओढलं जातं, प्लग तेलकट होतात, पेडल सोडल्यावर निळा धूर येतो. पीसीव्हीची (इंजिनातली वाफ कार्बुरेटरकडे नेणारी) नळी काढून कार्बुरेटरकडचं तोंड बंद करा, बाकीचे ब्रीदरही बंद करा आणि तेल भरायच्या तोंडावर तळहात ठेवा. हात आत ओढला गेला तर गॅस्केट पुन्हा बसवायचं.

ट्यूनिंगमध्ये मात्र ड्युअल-प्लेन आणि सिंगल-प्लेनची वाट वेगळी होते. टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) आधी: जुन्या हेडना एकूण ३४ ते ३६ अंश, व्होर्टेकला ३२ च्या आसपास. परफॉर्मर आरपीएम आणि ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट हवा देणारा) होली कार्बुरेटर असेल तर मिक्श्चरचे स्क्रू पाव-पाव वळसा फिरवून व्हॅक्यूम सर्वांत जास्त येईल तिथे थांबा. पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १२.५ ते १२.८ आलं की काम झालं. सिंगल-प्लेनवर बूस्टरचा सिग्नल कमकुवत, म्हणून सहसा प्रायमरी जेट (पेट्रोलची भोकं) दोन-चार नंबर मोठे आणि पंपाची पिचकारी जोरदार लागते. चार भोकांचा एक इंची स्पेसरही मदत करतो. आयडलचा व्हॅक्यूम गिअरमध्ये ९ इंच आला तर ६.५ चा पॉवर व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम पडला की जादा पेट्रोल सोडणारा) काढून ४.५ चा लावा.

गिअरबॉक्स ७००आर४ (जीएमची चार गिअरची ऑटोमॅटिक) असेल तर कार्बुरेटर बदलताना टीव्ही केबलचा (थ्रॉटलनुसार गिअरबॉक्सचा दाब ठरवणारी) योग्य ब्रॅकेट त्याच खरेदीत घ्या. केबलची भूमिती चुकली की आतला दाब पडतो आणि क्लच काही मैलांतच जळतात.