एकच डोमेन, तीन गावं आणि आउटलुकचा तो पॉपअप: काही महिने वापरल्यानंतर

परवा जालन्याच्या प्लांटवर व्होल्टेजचा झटका बसला आणि तिथला डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, कायमचा गेला. गंमत म्हणजे प्लांटवर कुणाला पत्ताच नाही. लॉगिन होतंय, मेल येतंय, फक्त सकाळी मशीन उघडायला जरा वेळ लागायला लागला. प्रत्येक मशीनवर दुसरा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारा) वाळूजचा दिलेला होता, त्यामुळे सगळी मशीनं गुपचूप इकडच्या कंट्रोलरकडे वळली. नवा सर्व्हर मागितला तर मालक म्हणाले, "सगळं चालूच आहे म्हणता, मग घाई कशाला?" मांडणी चांगली असण्याचा हा एक तोटा.

फॉरेस्ट, डोमेन, ओयू हे काय असतं ते इथं फार सांगत बसत नाही. विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (एडी) युजर आणि मशीनं डोमेनमध्ये नोंदलेली असतात, डोमेनच्या आतले कप्पे म्हणजे ओयू, आणि सगळ्या डोमेनना कवेत घेणारं ते फॉरेस्ट, एवढं पुरे. आमची जुनी मांडणी एका एजन्सीनं केलेली. वर एक रिकामं रूट डोमेन, त्याखाली वाळूज, जालना, लातूर अशी तीन चाइल्ड डोमेन, आणि सगळ्यांच्या शेपटीला डॉट लोकल, म्हणजे फक्त ऑफिसच्या आत चालणारं नाव. रिकाम्या रूटचा सल्ला विंडोज 2000 च्या जमान्यातला. तो आमच्याकडे पार उशिरापर्यंत विकला गेला. दर डोमेनला किमान दोन कंट्रोलर धरले तर चार डोमेनचे आठ होतात. एवढ्या लायसन्सचा आकडा बघितल्यावर जालना आणि लातूरला एकेकावरच भागवलं गेलं. म्हणजे कागदावर सगळ्यात सुरक्षित असलेली रचना प्रत्यक्षात सगळ्यात नाजूक. परवाचा झटका तेव्हा बसला असता तर जालन्याचं डोमेनच उरलं नसतं, आणि मी बॅकअपची डिस्क हुडकत बसलो असतो.

एक्सचेंज 2016 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता, म्हणून मेल सर्व्हर बदलायचाच होता. त्याच निमित्तानं नवं फॉरेस्ट उभं केलं. त्यात एकच डोमेन. नाव आपण इंटरनेटवर विकत घेतलेल्या नावाखालचं, पुढं फक्त 'एडी' लावलेलं. गावं ओयूमध्ये.

जालन्याचा ॲडमिन सुरुवातीला रुसला. "आमचं वेगळं होतं ते बरं होतं," हे त्याचं पालुपद. पण ते वेगळेपण दिखाव्याचंच होतं. सुरक्षेची खरी भिंत फॉरेस्टची असते, डोमेनची नाही. चाइल्ड डोमेनच्या ॲडमिननं मनावर घेतलं तर तो वरपर्यंत चढू शकतो. आता त्याला जालन्याच्या ओयूपुरते पासवर्ड रीसेट आणि मशीन जोडायचे अधिकार दिलेत. त्याचं रोजचं काम तेवढ्यातच भागतं. अकाउंट्स विभागाला पासवर्डचा कडक नियम हवा म्हणून वेगळं डोमेन, हे कारणही सर्व्हर 2008 पासून निकालात निघालंय. एकाच डोमेनमध्ये ग्रुपनिहाय पॉलिसी लावता येते.

आता त्या पॉपअपकडे येतो. आउटलुक उघडलं की चौकट: सर्टिफिकेटवरचं (सर्व्हरच्या ओळखपत्रावरचं) नाव साइटच्या नावाशी जुळत नाही, पुढं जायचं का? यस, नो. जुन्या सर्व्हरवर हे रोजचंच. डिस्पॅचच्या काकांचा सकाळचा पहिला फोन ठरलेला: "दादा, ते पुन्हा तेच विचारायलंय, यस करू का नो?" यस म्हणायची सवय लावली की उद्या खरोखरचा चोर आला तरी माणूस यसच करणार, ही माझी खरी चीड. कन्सल्टंटचं म्हणणं, दोष डॉट लोकलचा. 1 नोव्हेंबर 2015 नंतर संपणारं सर्टिफिकेट अशा अंतर्गत नावाला कुठलीही सार्वजनिक संस्था देत नाही, म्हणून नवं फॉरेस्टच हवं. नियम खरा आहे. मीही मान डोलावली.

नवं फॉरेस्ट, नवं नाव, नवा एक्सचेंज. इन्स्टॉल संपलं आणि अर्ध्या ऑफिसात तीच चौकट! एक्सचेंज बसताना ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुक ज्यावरून मेल सर्व्हर शोधतं तो) पत्ता सर्व्हरच्या स्वतःच्या नावानं डिरेक्टरीत नोंदवतो आणि स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट लावतो. तो नोंदीतला पत्ता आणि व्हर्च्युअल डिरेक्टऱ्यांचे इंटर्नल यूआरएल (एक्सचेंजच्या सेवांचे आतले पत्ते) मेलच्या बाहेरच्या नावावर आणले, त्या नावाचं सर्टिफिकेट घातलं, आतल्या डीएनएसमध्ये तेवढ्या एका नावाचा झोन (नोंदींचा कप्पा) करून सर्व्हरचा आतला आयपी दिला. चौकट गायब. काकांचा फोन बंद.

इथं माझं मत बदललं. हाच इलाज जुन्या डॉट लोकलवरही चालला असता. यूपीएन सफिक्स (लॉगिन नावातला @ नंतरचा भाग) वाढवून लॉगिनही ईमेल पत्त्यासारखं करता आलं असतं. तेव्हा कुणी फक्त पॉपअपसाठी फॉरेस्ट बदला म्हणत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मशीन नव्या डोमेनला जोडणं, प्रोफाइल हलवणं, नातवाचा वॉलपेपर गेला म्हणून रुसलेल्यांची समजूत काढणं, हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो. आमचा खर्च वसूल झाला तो चार डोमेनचं एक झाल्यामुळे. नाव बदललं ते त्याच हातात उरकलं, कारण एक्सचेंज बसल्यावर डोमेनचं नाव बदलता येत नाही.

नव्यानं उभारणाऱ्यांनी मात्र डॉट लोकल घेऊ नये आणि वेबसाइटचंच नाव जसंच्या तसंही घेऊ नये. जालन्यातल्याच एका मित्राच्या स्टील कंपनीत तसं केलंय. ऑफिसात बसून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता स्वतःची वेबसाइट उघडत नाही, कारण ते नाव डोमेन कंट्रोलरकडे जातं.

लातूरची एक तक्रार रास्त होती. वाळूजला नवा युजर काढला की तो तिकडं दिसायला अर्धा दिवस. साइट लिंकचं रेप्लिकेशन (दोन गावांच्या कंट्रोलरमधली नोंदींची देवाणघेवाण) मुळात 180 मिनिटांवर असतं. ते 15 वर आणलं, त्याखाली तिथं जात नाही. एक्सचेंज डोमेन कंट्रोलरवरच बसवून एक सर्व्हर वाचवू, हा मालकांचा आग्रह मी मोडून काढला. चालतं, पण एकदा बसवलं की ते मशीन डोमेन कंट्रोलर करणं किंवा त्याचं ते पद काढणं सपोर्टमध्ये बसत नाही.

मालकांच्या भावाची बियाण्यांची कंपनी आता मेलसाठी आपल्याच सर्व्हरवर यायचं म्हणते. पत्ता त्यांच्या नावाचा हवा. त्याला वेगळं डोमेन लागत नाही, एक्सचेंजमध्ये त्यांचं नाव स्वीकारलं, पत्त्याची पॉलिसी लावली की झालं. फक्त सर्टिफिकेटचं गणित पुन्हा बघावं लागेल: 15 मार्च 2026 पासून ते जास्तीत जास्त 200 दिवसांचं मिळतं, 2029 मध्ये 47 दिवसांवर येणार. हातानं नूतनीकरण करत बसलो तर काकांचा फोन परत सुरू. स्क्रिप्ट लिहायला घेतलीय.