बॅटरीला सबसिडी घ्यावी की टाइम ऑफ डे मीटर? दोन्ही वापरतोय म्हणून सांगतो

सोलर आहेच, आता बॅटरी घ्यायचीय, तर सरकारी सबसिडीची स्कीम धरावी की टीओडी मीटर (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा) घेऊन दरातल्या फरकावर बॅटरी चालवावी? माझ्या घरी पहिला प्रकार आहे आणि वर्कशॉपला दुसरा.

सुरुवातीचा खर्च हलका होतो हा सबसिडीचा फायदा खरा आहे, आणि लाइट सारखी जात असेल तर फार विचार न करता तीच घ्या.

मला खुपतं ते वेगळंच. माझ्या स्कीममध्ये सबसिडी बॅटरीच्या क्षमतेवर मिळाली, वापरावर नाही. इन्स्टॉलरने माझा वापर विचारायच्या आधीच स्लॅब दाखवला, एवढ्या मोठ्या बॅटरीला एवढी सबसिडी मग लहान कशाला घेताय, मलाही ते पटलं. आता रात्रभर घर चालूनही सकाळी ॲपमध्ये बघतो तर बॅटरी निम्मी भरलेलीच, मग ती अकरा वाजेपर्यंत फुल होते आणि भर दुपारी, जेव्हा ग्रिडवर, म्हणजे सगळ्यांच्या वीजजाळ्यात, आधीच सोलरची वीज भरपूर असते, तेव्हा माझीही त्यातच जाते. बॅटरीचा जो भाग कधी वापरातच येत नाही त्याचे पैसे थोडे मी भरले, थोडे सगळ्यांच्या टॅक्समधून गेले. आणि वापरा किंवा नका वापरू, बॅटरीची ताकद वयाप्रमाणे उतरतेच.

अर्थात सबसिडीला नीट अट जोडता येते. जर्मनीने 2013 मध्ये घरगुती बॅटरीला मदत सुरू केली तेव्हा पॅनलच्या क्षमतेच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त वीज एका वेळी ग्रिडला द्यायची नाही अशी अट घातली, 2016 पासून ती 50 टक्के केली, म्हणजे दुपारची वीज बॅटरीत घेणं भागच पडायचं. अट नीट नसली तर काय होतं तेही दिसलंय, कॅलिफोर्नियात अनुदानातल्या बऱ्याच बॅटऱ्यांमुळे कार्बन उत्सर्जन उलट वाढल्याचं दिसलं आणि 2019 मध्ये नियम बदलावे लागले.

वर्कशॉपची बॅटरी लहान आहे. दुपारच्या स्वस्त दरात भरते, संध्याकाळी पीक दर (जास्त मागणीच्या वेळचा महाग दर) सुरू झाला की रिकामी व्हायला लागते, रोज पूर्ण वापर, आणि ग्रिडला नेमकी त्याच वेळी मदत होते. तोटेही आहेत, सगळे पैसे आधी स्वतःचे घालावे लागतात, उद्या वीज नियामक आयोगाने दर बदलले तर हिशोब बिघडतो, आणि भरताना-काढताना दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते, त्यामुळे दुपार-संध्याकाळच्या दरात जेमतेम फरक असेल तर यात पडू नका.

तुमची गरज वेगळी असू शकते. सबसिडीच घेणार असाल तर आधी आठवडाभर संध्याकाळी आणि सकाळी मीटरचं रीडिंग लिहून ठेवा आणि रात्रीत जेवढा फरक पडतो तेवढ्या युनिटचीच बॅटरी मागा, स्लॅब बघू नका. मी मात्र घरचा मीटरही टीओडीवर टाकायचा अर्ज गेल्या महिन्यात दिलाय.