कुंभार्ली घाटातल्या धुक्यासाठी लावलेले जादा दिवे: आठ महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात ट्रकला पुढे 70 वॅटचे दोन हॅलोजन फॉग लाइट लावले आणि मागे लोडिंगसाठी 18 वॅटचे दोन एलईडी. आता जानेवारी संपत आला. दिव्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, डोकं खाल्लं ते वायरिंगनं. एकाच कामाचे पैसे तीनदा मोजले.

गाडी दहा चाकी, 12-12 च्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्टची. कराडहून पेंड नाहीतर गूळ भरून चिपळूण, येताना जांभा चिरा. पावसाळ्यात रात्री हेळवाक सोडून कुंभार्लीत शिरलं की समोर पांढरा पडदाच लागतो. अशात अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा उजेड, मारला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात परत येतो. डिपरवर, म्हणजे जवळच्या उजेडावर, हळूहळू जायचं आणि कडेचा पांढरा पट्टा दिसत राहील एवढा उजेड खाली रस्त्यावर पाडायचा, एवढंच हातात असतं.

आणि आमच्या वायरिंगवाल्यानं काय केलं? फॉगची वायर नेऊन अप्परच्या वायरीला जोडली. म्हणजे अप्पर मारला तरच फॉग पेटणार. पहिल्याच पावसात घाटात हे लक्षात आलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. परत नेली तर त्यानं तीच वायर काढून डिपरला जोडली. आता फॉग हवे तेव्हा लागायचे. पण स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच मुळात हेडलाइटपुरताच. डिपरच्या दोन बल्बचे 140 वॅट आणि फॉगचे 140, म्हणजे 24 व्होल्टला जवळपास 12 अँपिअर त्या बोटभर दांडीतून जायला लागले. पंधरा दिवसांत कोयनानगरच्या अलीकडे प्लास्टिक जळाल्याचा वास आला. दांडीला हात लावला तर चहाच्या किटलीसारखी तापलेली.

मग रिले लावायचं ठरलं, म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. तिथंही गंमत झाली. दुकानातून आणलेला रिले 12 व्होल्टचा निघाला. त्यातल्या कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, दुप्पट व्होल्टेज मिळालं की उष्णता चौपट होते, ती कॉइल किती दिवस टिकणार? तो रिले पाटणलाच जळाला. 24 व्होल्टचा रिले दिसायला हुबेहूब तसाच असतो, त्यामुळे वरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी पुतण्या आणि मी एका रविवारी बसलो आणि सगळं नव्यानं केलं. बॅटरीच्या प्लसवरून 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर 10 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची 30 नंबरची पिन. 87 वरून दिवे, 85 अर्थला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला), 86 केबिनमधल्या स्विचला. स्विचला करंट पार्किंग लाइटच्या वायरीवरून घेतला. कॉइल अँपिअरचा दहावा भागही खात नाही, त्यामुळे त्या वायरीवर भार असा नाहीच. पार्किंग लाइट चालू असेल तरच फॉग लागतात, डिपर-अप्परशी त्यांचा संबंध नाही, आणि दिव्यांचा मेन स्विच बंद केला की तेही बंद. हे जुळल्यापासून घाटात एकदाही चिडचिड झालेली नाही.

पिवळा उजेड धुकं फाडतो असं जो तो सांगतो. मी एका दिव्यावर पिवळी काच लावून पाहिली. डोळ्याला बरं वाटलं, पण लांबचं काही जास्त दिसलं नाही. खरा फरक पडला तो दिवे बंपरच्या खाली उतरवल्यावर. गोडाऊनच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी केली आणि उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा चार इंच खाली येईल असे ते आवळले. समोरून येणाऱ्या एसटीवाल्यांच्या शिव्या तेव्हापासून थांबल्या. काहीजण केबिनवर सर्चलाइट चढवतात, पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय पुढे तसा दिवा चालत नाही.

मागच्या दिव्यांची गोष्ट वेगळी. वायरिंगवाला 12 व्होल्टचे स्वस्त दिवे घेऊन आला होता, म्हणाला, ‘मालक, दोन बॅटऱ्यांच्या मधून 12 काढू की.’ मी हात जोडले. जुन्या गाडीत गाण्यांच्या टेपरेकॉर्डरसाठी असंच केलं होतं. एक बॅटरी कायम उपाशी, दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज, आणि वर्षभरात दोन्ही भंगारात. म्हणून 10 ते 30 व्होल्ट लिहिलेले एलईडी घेतले, थोडे महाग पडले. खाणीवर इंजिन बंद करून चिरा भरतात, म्हणून यांचा करंट थेट बॅटरीवरून, 5 अँपिअरच्या फ्यूजमधून घेतला. स्विच मात्र आत लाल दिवा असलेलाच बसवला. तरी एकदा दिवे रात्रभर चालू राहिले. दोन्ही मिळून दीड अँपिअर, दहा तासांत पंधरा अँपिअर-अवर, सकाळी गाडी पहिल्या सेल्फला लागली. तिथं पुढच्यासारखे हॅलोजन असते तर धक्का मारायला माणसं शोधत बसलो असतो. आणखी एकदा हायवेला तेच दिवे पेटलेले राहिले, मागचा टेम्पोवाला काशीळपर्यंत डिपर देत आला आणि मी त्याला साइड देत बसलो.

आणखी दोन चुका सांगतो, दोन्ही आमच्याच. पुढची वायर अगदी मोजून मापून घेतली आणि इंजिन उघडं करायला पहिल्यांदा केबिन पुढे उचलली तेव्हा ती ताणून तुटली. बिजागरीपाशी हातभर ढील ठेवायला हवी होती. दुसरी अर्थची. फॉगचा अर्थ बंपरच्या रंगावरच आवळला होता. दिवे लागायचे, पण डोळ्यात झोप असल्यासारखे. रंग खरवडून लग (वायरीच्या टोकाची कडी) थेट चॅसीवर घेतला तेव्हा उजेड पूर्ण आला. पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड ऑगस्टपर्यंत हिरवे पडले होते, ते कापून क्रिम्प केले (धातूच्या नळीत दाबून बसवले) आणि वर आकसणारी नळी चढवली.

सध्या उजव्या फॉगच्या काचेत आतून दव धरतंय, आणि रिले चाकाजवळ बसवल्यामुळे त्याच्यावर चिखल उडतो. मे उजाडायच्या आत रिले केबिनच्या आत घेणार आहे, आणि त्या दिव्याचं रबर बदलणार.