ड्रोन विकण्याआधी नकाशा दाखवणारं दुकान

भाच्याला दहावीनंतर ड्रोन हवा होता म्हणून डेक्कनच्या या हॉबी शॉपमध्ये गेले. खोकं काढण्याआधी काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मावशी, उडवणार कुठे?" म्हटलं, विमाननगरच्या बागेत. त्याने लगेच मोबाइलवर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडला. लोहगाव विमानतळाभोवतीचा भाग लाल, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तिथे उडवायचाच नाही. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला, नॅनो असला तरीही!

ड्रोन नियम २०२१ त्याला तोंडपाठ होते. नॅनोला पायलटचा परवाना लागत नाही. नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतो, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. भाग हिरवा असला तरी बागेच्या ऑफिसात विचारायचं आणि पोलिसांचा बंदी आदेश नाही ना, तेही बघायचं. मला हे फार पटलं. बागेत घसरगुंडीवर लहान पोरं असतात, बाकांवर म्हातारी माणसं. फिरतं पातं डोळ्याला लागलं तर काय घ्या!

त्याने वजनकाट्यावर ड्रोन बॅटरीसकट ठेवून दाखवला, पात्यांना गार्ड बसवून दिले. गार्ड लावल्यावर पुन्हा वजन केलं, कारण मर्यादेत तेही धरतात.

दुकान अरुंद आहे, पार्किंगची बोंब आहे आणि जादा बॅटरी मागवावी लागली. तरी पहिला ड्रोन घेणाऱ्यांनी इथेच जावं. शनिवारी मात्र गर्दी असते.