शाळेची हेल्थ रूम आणि तिथलं काउन्सेलिंग : 5 पैकी 4 स्टार

पालकांच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच की शाळेत ते मेंटल हेल्थचं सुरू केलंय ते खरंच कामाचं आहे का नुसतं माहितीपत्रकात छापायला आहे. माझी लेक नववीत आहे आणि ती ही सर्व्हिस वापरते (तिला विचारूनच लिहितेय, तिचं सगळं काही इथे सांगणार नाहीये), तर मी जे बघितलंय तेवढं लिहिते.

सगळ्यात जास्त मार्क मी दाराला देईन. हसू नका. काउन्सेलर मॅडमची खोली नर्सबाईंच्या हेल्थ रूमच्या आतच आहे, म्हणजे गुडघा फुटलेला, ताप आलेला, डोळे तपासायला आलेला आणि आतून पार खचलेला, सगळे एकाच दारातून आत जातात आणि बाहेर बाकावर बसलेल्या पोरांना कळत नाही कोण कशासाठी आलंय. हिच्या आधीच्या शाळेत काउन्सेलरची खोली स्टाफरूमच्या बरोब्बर समोर होती, वर ही मोठी पाटी, कोण मरायला जाणार होतं तिथे! आणि पोरं काही येऊन सरळ सांगत नाहीत हो की मला जगावंसं वाटत नाही, ती म्हणतात पोट दुखतंय, मळमळतंय, रात्री झोपच लागली नाही. तेच पोर परत परत पोटदुखी घेऊन आलं की आमच्या नर्सबाई गोळी देऊन वर्गात पिटाळत नाहीत, दार लोटून घेतात आणि बसवून विचारतात.

काय विचारतात तेही सांगते, कारण यावरून पालकसभेत बराच गदारोळ झाला होता. चारच प्रश्न आहेत, एक मिनिटही लागत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने मुलांसाठी बनवलेली ही प्रश्नावली आहे. गेल्या काही आठवड्यांत आपण मेलो तर बरं असं वाटलं का, आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल असं वाटलं का, गेल्या आठवड्यात जीव द्यायचे विचार आले का, आणि आधी कधी तसा प्रयत्न केलाय का. एकालाही 'हो' आलं की पाचवा प्रश्न, आत्ता या क्षणी तसं वाटतंय का, आणि मग त्याच दिवशी काउन्सेलर. उद्या ये, सोमवारी ये असलं काही नाही. सभेत एक काका उठून म्हणाले, असलं विचारून तुम्ही पोरांच्या डोक्यात नसतं खूळ भराल. भीती मला कळते, पण हे तपासून झालंय. 2005 साली न्यूयॉर्क राज्यातल्या 6 शाळांमधल्या दोन हजारांवर मुलांवरचा अभ्यास आहे, निम्म्यांना आत्महत्येबद्दल विचारलं, निम्म्यांना नाही, आणि विचारलेल्यांचा त्रास काही वाढला नाही, उलट जी आधीच निराश होती त्यांना जरा हलकंच वाटलं.

मॅडम पहिल्याच भेटीत मुलीला म्हणाल्या, तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी आईबाबांना सांगणार आणि तुला सांगूनच सांगणार. मला हे फार पटलं. त्यांनी तिच्याकडून एक कागद भरून घेतला, तिच्याच अक्षरात : बिनसायला लागलंय हे मला कशावरून कळतं, तेव्हा एकटी असले तर काय करायचं, कोणाकडे जाऊन बसायचं, कोणत्या मोठ्या माणसाला फोन करायचा, हेल्पलाइनचा नंबर. एक प्रत तिच्या कंपासपेटीत असते. शेवटचा भाग आमच्यासाठी होता, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा. आमचे हे आधी म्हणाले एवढं काय करायचंय, मग मॅडमनी समजावलं की जीव द्यावासा वाटण्याचा तो जोराचा झटका बऱ्याचदा थोडाच वेळ असतो, तेवढा वेळ हाताशी काही नसलं की पोर वाचतं. संध्याकाळीच कुलूप आणलं.

आता कापलेला स्टार. खरं तर अर्धा अर्धा करून दोन ठिकाणी कापलाय.

एक म्हणजे शाळेने ट्रेनिंग दिलं ते सगळं शिक्षकांना, पोरांसाठी काय तर भिंतीवर पोस्टर. युरोपातल्या 10 देशांतल्या 168 शाळांमध्ये अकरा हजारांवर मुलांवर मोठा प्रयोग झाला होता, 2015 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात नुसत्या शिक्षकांच्या ट्रेनिंगने ठळक फरक दिसला नाही, पण जिथे मुलांनाच बसवून काही तास चर्चा आणि नाटुकल्या करून घेतल्या, तिथे वर्षभरानंतर नव्याने झालेले आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्मे होते. मग आपल्याकडे ते तास का नाहीत? विचारलं तर उत्तर ठरलेलं, पोर्शन राहतो. स्नेहसंमेलनाच्या प्रॅक्टिसला बरा वेळ मिळतो!

दुसरं, सुट्टी लागली की हेल्थ रूमला कुलूप. निकाल लागतात तेव्हा पोरं घरी आणि मॅडमही घरी. शिवाय बाहेरच्या सायकियाट्रिस्टकडे पाठवलं की अपॉइंटमेंटला आठवडे जातात, मधल्या काळात मॅडम स्वतः फोन करतात हे मान्य, पण ते त्यांच्या चांगुलपणावर चाललंय, सिस्टिम म्हणून काही नाही. त्या आजारी पडल्या तर?

वापरायचं असेल तर संमतीचा फॉर्म भरा, तो ऑफिसात नाही मिळत, नर्सबाईंकडेच मिळतो. सुट्टीत कोणाला फोन करायचा तेही तिथेच लिहून घ्या. आणि पोर आज रात्रीच काही बोललं असेल तर शाळा उघडायची वाट बघत बसू नका, त्याला एकटं सोडू नका, हेल्पलाइनला फोन लावा नाहीतर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, हेल्थ रूमचं नंतर बघता येईल.